स्वतःची गाडी

प्रथम वर्षाला असताना, पहिल्याच आठवड्यात, मी वर्गात एक खोटे बोलले. ते पूर्ण खोटे नव्हते, आणि कदाचित म्हणूनच ते अजून विसरता येत नाही.

मराठीच्या तासाला सरांना प्रवासवर्णन शिकवायचे होते. पुस्तक उघडण्यापूर्वी त्यांनी सहज विचारले, "घरच्या माणसांबरोबर रस्त्याने लांबचा प्रवास कुणी कुणी केला आहे?" भराभर हात वर झाले. कुणी महाबळेश्वरला गेले होते, कुणी गोव्याला. एक मैत्रीण तर वडिलांच्या मोटारीतून थेट कन्याकुमारीपर्यंत जाऊन आलेली. माझा हात वर नव्हता, पण सरांची नजर नेमकी माझ्यावर आली. मी उठून म्हणाले, "आम्ही दरवर्षी मे महिन्यात मुंबईला जायचो."

"एस.टी.ने?"

"नाही सर, गाडीने."

"स्वतःची गाडी?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारले.

"हो."

"कोणती?"

"टाटाची."

मी खाली बसले. गाडी टाटाचीच होती. फक्त तिला दहा चाके होती आणि ती शेठची होती. माझे वडील तिच्यावर ड्रायव्हर होते.

त्या तासाला हजर असलेल्यांपैकी बहुतेक जण हा अंक वाचतील. सरही वाचतील. म्हणून त्या गाडीची आणि त्या प्रवासाची खरी हकिगत इथे लिहीत आहे.

आमचे गाव लासलगावच्या जवळ. लासलगावची बाजार समिती 1947 सालची, आणि कांद्याची आशियातली सर्वांत मोठी बाजारपेठ म्हणून तिचा लौकिक आहे. आमच्याकडे सगळे काही कांद्यावरून मोजतात. माझ्या जन्माचे साल विचारले तर आजी त्या वर्षीचा कांद्याचा भाव सांगायची आणि साल तुम्ही शोधून काढा म्हणायची. आई एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदे निवडायला जाते. लिलाव झालेला कांदा खळ्यावर येतो, बायका तो निवडतात, गोण्या भरल्या जातात आणि त्या गोण्या ट्रकमध्ये चढतात. त्या ट्रकपैकी एकावर दादा होते. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. म्हणजे आईने निवडलेला कांदा पुष्कळदा दादांनीच मुंबईला पोहोचवला आहे. आमच्या घराचा संसार असा एकाच गोणीवर चालला.

दादांचे शिक्षण चौथीपर्यंत. पंधराव्या वर्षी ते क्लीनर म्हणून गाडीवर चढले. क्लीनरला आमच्याकडे किन्नर म्हणतात. पहाटे काच पुसायची, टॉमीने टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखायची, गाडी मागे घेताना खाली उतरून बॉडीवर थाप मारायची, एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे येऊ दे. हे करता करता ते ड्रायव्हर झाले. मराठी पाटी ते अक्षरे जुळवत वाचतात. इंग्रजी येत नाही. पण रस्त्यावर त्यांना पाटीची गरज पडल्याचे मी कधी पाहिले नाही.

मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले ते 2014 च्या मे महिन्यात. दुसरीची परीक्षा झाली होती. आई आणि चार वर्षांचा धाकटा भाऊही बरोबर होते. त्याच्या आधीच्या दिवाळीत शेठनी खर्च परवडत नाही म्हणून किन्नर काढून टाकला होता. गाडीत एक जागा रिकामी झाली आणि ती आपल्याला मिळाली, एवढाच अर्थ मला तेव्हा समजला होता.

सुमारे तीनशे गोण्या उन्हाळ कांदा भरून, ताडपत्री टाकून, दोर आवळून गाडी निघाली तेव्हा दिवस मावळत होता. कॅबिनच्या कपाळावर 'आई सप्तशृंगी प्रसन्न' लिहिलेले. आत ड्रायव्हरच्या पाठीमागे झोपायची फळी असते, तिच्यावर आई भावाला घेऊन बसली. मी पुढे, डाव्या खिडकीशी. इंजिनाची ऊब पायांना लागत होती. आईने ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि तिखटमिठाच्या पुऱ्या बांधून घेतल्या होत्या. विंचूर, निफाड, चांदोरी गेली, नाशिकचे दिवे आले आणि मला वाटले, हीच मुंबई. दादा इतके हसले की त्यांना गाडीचा वेग कमी करावा लागला.

नाशिकच्या पुढे आग्रा रोड लागतो. हा पूर्वीचा तीन नंबरचा राष्ट्रीय महामार्ग. 2010 साली देशभरातल्या महामार्गांचे क्रमांक बदलले तेव्हा याचाही बदलला, पण ड्रायव्हर लोकांनी तो बदल मनावर घेतलेला नाही. विल्होळी, वाडीवऱ्हे, घोटी, इगतपुरी. ही नावे मला भूगोलाच्या पुस्तकाआधी पाठ झाली. इगतपुरीला घाटनदेवीला हात जोडून मग कसारा घाट उतरायचा. त्या पहिल्या रात्री आईने डोळे मिटले ते घाट संपेपर्यंत उघडलेच नाहीत. दादा मला समजावून सांगत होते, "ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात उतरायचा. नुसता ब्रेक दाबत ऱ्हायलं तर लायनर तापतं. तापलं का वास येतो. वास आला का समजायचं, आपलं चुकू ऱ्हायलं." खाली दरीत आगगाडीचे दिवे सरकत होते. कसाऱ्याहून वर येणाऱ्या गाड्यांना घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिने लावतात, हे मी त्या रात्री ऐकले. "एवढ्या मोठ्या रेल्वेला बी मागून कोनीतरी लागतं," दादा म्हणाले.

पहाटेच्या सुमाराला खारेगावच्या पुलावर आई जागी झाली. दोन्ही बाजूंना काळे पाणी चमकत होते.

"हा समुद्र का?" तिने विचारले.

"खाडी," दादा म्हणाले.

"म्हंजी समुद्रच ना?"

दादांनी थोडा विचार केला. "समुद्राची शेपटी हाये," ते म्हणाले.

आईचे तेवढ्यावर समाधान झाले. नंतर कितीतरी दिवस खळ्यावरच्या बायकांना ती समुद्र पाहिल्याचे सांगत होती. खरा समुद्र तिने अजून पाहिलेला नाही. वाशीच्या बाजारात गाडी खाली होईपर्यंत दुपार झाली, आणि मग परतीच्या मालासाठी आम्ही भिवंडीला दीड दिवस एका गोदामाबाहेर थांबलो. गाडीच्या सावलीत आईने स्टोव्हवर पिठले केले. भाऊ खुशीत होता. मीही होते. आई मात्र पुन्हा कधी आली नाही. तिने कारण सांगितले नाही आणि मीही बारा वर्षांची होईपर्यंत विचारले नाही. कारण साधे होते. त्या साऱ्या रस्त्यावर बाईमाणसाने जायचे कुठे, हा प्रश्न कुणी सोडवलेला नव्हता, आणि दोन दिवस ती पाण्याचा घोट घेताना विचार करत होती.

पुढची चार वर्षे मी एकटीच दादांबरोबर जात राहिले. मे महिन्यात चार-पाच खेपा, दिवाळीत दोन-तीन. भावाला नेऊन उपयोग नसे. तो गाडीत बसला की झोपायचा, नाहीतर ओकायचा. मी झोपायची नाही. निदान मला झोपू दिले जात नसे.

गाडीत माझे काम एकच होते, बोलायचे. दादा म्हणायचे, "बोल गं." मी विचारायची, "काय बोलू?" ते म्हणायचे, "काय बी बोल. शाळेत काय शिकवलं ते सांग." मग मी सांगायची. सतराचा पाढा, एकोणिसाचा पाढा. कविता. पाण्याचे बाष्पीभवन कसे होते. चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास होता, त्यात आग्र्याहून सुटकेचा पाठ. तो मी घोटीच्या अलीकडे सुरू केला आणि शहापूरपर्यंत पुरवला. 1666 सालची ती गोष्ट मी मनाचे संवाद घालून इतकी लांबवली की पुस्तकातल्या पाठाच्या दसपट झाली असेल. मध्येच मला सुचले आणि मी विचारले, "दादा, हा आग्रा रोड म्हणजे त्याच आग्र्याचा का?" दादा म्हणाले, "त्याच आग्र्याचा. पन आपन उलटे चाललो. महाराजांसारखे घराकडं." वास्तविक आम्ही घरापासून लांब चाललो होतो. पण मला ते फार आवडले.

दादांनी माझ्याबरोबर अशी तिसरी, चौथी, पाचवी, सहावी केली. ते मध्ये मध्ये प्रश्नही विचारायचे. एकदा त्यांनी विचारले, "कर्कवृत्त म्हंजी रस्त्यावर आखेल असतं का?" मला वाटायचे, माझ्या वडिलांना शिक्षणाची केवढी आवड! शाळेत "माझे बाबा" या विषयावर निबंध लिहिला तेव्हा मी तसे लिहिलेही होते. बाईंनी त्याला दहापैकी आठ गुण दिले.

बोलायचे विषय संपले की समोरच्या गाड्यांच्या पाठी वाचायच्या. 'बुरी नजर वाले तेरा मुँह काला', 'पुन्हा भेटू', 'आईबापाची पुण्याई'. इंग्रजीची ओळख मला अशीच झाली. 'हॉर्न ओके प्लीज' या तीन शब्दांत जितकी अक्षरे येतात तितकी मला शाळेच्या आधी येत होती. 2015 साली राज्य सरकारने ही ओळ गाड्यांवर लिहायला बंदी केली. तिच्यामुळे लोक विनाकारण हॉर्न वाजवतात असे म्हणणे होते. पण बंदीने जुना रंग थोडाच निघतो! आमच्या गाडीवरची ओळ शेवटपर्यंत होती.

मी गप्प झाले की दादांना ताबडतोब कळायचे. "गप का झाली?" आणि मला डुलकी लागली तर ते उठवायचे. नाही तिथे उठवायचे. खर्डीला उठवून म्हणायचे, "ते बघ, टेकडीवर दिवा." पडघ्याला उठवून म्हणायचे, "उतर, चहा घेऊ." मी डोळे चोळत चहा प्यायची. त्यांचा चहा पिऊन झाला की ते डोक्यावर पाण्याची बाटली ओतून घ्यायचे, तोंडात तंबाखू टाकायचे आणि पुन्हा म्हणायचे, "हां, बोल." कधी कधी मला राग यायचा. एकदा मी रडले होते. "मला झोपायचंय दादा," म्हणाले. त्यांनी गाडी कडेला घेतली, स्टेअरिंगवर डोके टेकवून पंधरा मिनिटे स्वतः झोपले आणि मग उठून म्हणाले, "आता झोप तू." तेवढी एकच वेळ मी आठवते, जेव्हा त्यांनी मला वाशीपर्यंत उठवले नाही.

2018 च्या एप्रिलमध्ये आईने सांगितले की आता मी मोठी झाले आहे, रात्रीबेरात्री गाडीवर जायचे नाही. मी रुसून बसले. दादा भाकरी खात होते. ते आईला म्हणाले, "बरं. मंग बोलनार कोन?" मला हसू आले. मला वाटले, माझा रुसवा काढायला ते थट्टा करत आहेत. आईही काही बोलली नाही. विषय तिथेच संपला, आणि त्या मे महिन्यापासून डावी खिडकी रिकामी राहिली.

2019 चा डिसेंबर आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. दिवाळीच्या सुमाराला अवेळी पाऊस झाला, नवा कांदा शेतातच सडला, आणि शहरांत किरकोळ भाव किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेले. निर्यात सप्टेंबरपासूनच बंद होती. बाजारात जो काही लाल कांदा येईल तो तातडीने मुंबईला पोहोचवायचा, असा सगळ्यांचा घायकुतीचा कारभार चालला होता. गाडी खाली झाली की फिरवायची, भरली की पळवायची. दादा तीन दिवस नीट झोपले नव्हते, असे नंतर कळले.

पडघ्याच्या पुढे, पहाटे चारच्या सुमाराला, कडेला उभ्या असलेल्या एका ट्रेलरवर गाडी गेली.

दुसऱ्या कुणाला काही झाले नाही. दादांचा उजवा पाय मांडीपासून गुडघ्यापर्यंत मोडला. ताडपत्री फाटून कांदे रस्त्यावर सांडले होते. शंभर रुपये किलोचे कांदे! लोक पिशव्या घेऊन धावले, हे दादांनी कॅबिनमध्ये अडकल्या जागेवरून पाहिले. ते सांगताना ते कुणाला दोष देत नाहीत. त्याच लोकांपैकी तिघांनी पत्रा वाकवून त्यांना बाहेर काढले आणि एका टेम्पोत घालून दवाखान्यात नेले. "एकाच्या हातात पिशवी तशीच व्हती," दादा म्हणतात, "पन आधी मला उचललं त्यानं."

शेठनी दवाखान्याचा पहिला खर्च केला. पुढे दोन महिन्यांनी नवा ड्रायव्हर ठेवला. दादांचा पाय आखूड झाला. जड गाडी आता त्यांना चालवता येत नाही. ते एका खळ्यावर रात्रपाळीचे राखणदार आहेत. रात्रभर जागे राहण्याचा त्यांना सराव आहे, असे ते स्वतःच म्हणतात. त्या वेळी मी आठवीत होते. मला त्या सगळ्याचे दुःख झाले ते एका अपघाताचे दुःख म्हणून. आपला त्याच्याशी काही संबंध असू शकेल हे माझ्या मनातही आले नव्हते.

आता पुन्हा त्या मराठीच्या तासाकडे येते. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर मी ती गंमत आईला सांगितली. "टाटाची गाडी म्हणाले आणि सगळ्यांना मोटार वाटली," असे सांगून मी हसत होते. आई चुलीपुढे होती. ती हसली नाही.

"तुला काय वाटू ऱ्हायलं," ती म्हणाली, "तुला फिरायला नेयाचे व्हय ते?"

"मग?"

"किन्नर काढल्यापासून गाडीत मानूस नव्हतं. एकटं असलं का डोळा लागतो. म्हनून नेयाचे तुला. बोलायला. मला नको वाटायचं. पोरीची जात, रातचा रस्ता. पन माझ्यापुढं दोन भ्या व्हते. एक तुझं, एक त्यांचं. जितके दिवस जमलं तितके दिवस मी त्यांचं मोठं धरलं."

मग ती भाकरी थापत राहिली. बराच वेळ कुणी काही बोलले नाही. तुझी सुट्टी आणि त्यांची गरज असे दोन्ही होते असे काहीतरी ती म्हणाली असती तर मला बरे वाटले असते. पण आईला बरे वाटावे म्हणून बोलायची सवय नाही.

त्या रात्री मी अंथरुणावर पडून एकेक खेप आठवत गेले. टेकडीवरचा दिवा, पडघ्याचा चहा, कर्कवृत्ताचा प्रश्न. प्रत्येक गोष्टीची बाजू बदललेली दिसत होती. त्यांना शिवाजी महाराजांच्या सुटकेची गोष्ट खरोखर आवडली होती का? की माझ्या जागी मारुतीस्तोत्र म्हणणारा कुणी असता तरी चालले असते? आणि त्याहून वाईट प्रश्न दुसरा होता. 2018 च्या मे महिन्यानंतर त्यांच्याशी कोण बोलत होते? दीड वर्ष ते त्या सरळ रस्त्यावर एकटे होते आणि मी घरी पंख्याखाली झोपत होते. मी बारा-तेरा वर्षांची होते, यात माझा अपराध नाही, हे मला समजते. समजते, एवढेच.

आपल्या ग्रंथालयात नंतर मी मोटार वाहतूक कामगारांचा कायदा काढून वाचला. तो 1961 सालचा आहे. ड्रायव्हरला दिवसाला आठ तासांपेक्षा आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त काम देऊ नये, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती द्यावी, असे त्यात लिहिले होते. म्हणजे दादा जन्मण्याच्या कितीतरी आधी त्यांच्या झोपेची तजवीज दिल्लीला झाली होती. पण 2025 मध्ये रद्द होईपर्यंत हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच लागू होता. शेठच्या गाड्या दोन आणि ड्रायव्हर दोन. किन्नर तर त्यांनी काढलेच होते. वाशीला गोण्या उतरवणाऱ्या माथाडींना 1969 च्या कायद्याने मंडळ मिळाले, त्यांची नोंद आहे. गोणी पाठीवर घेतली तर कायद्याला दिसते आणि चाकावर घेतली तर दिसत नाही, असे काहीसे मला वाटले. राज्यशास्त्राच्या मॅडमना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "लिहून काढ." म्हणून तेही इथे लिहिले.

दादांना मात्र मी काही विचारले नव्हते. कसे विचारणार? "तुम्ही मला फिरायला न्यायचात की राखणीला?" हा प्रश्न बापाला विचारायला तोंड होत नाही.

या दिवाळीच्या सुट्टीत संधी आली. पायातली पट्टी काढायची की तशीच ठेवायची, हे ठाण्याच्या एका दवाखान्यात विचारायचे होते. आईची खळ्यावरची हजेरी बुडू नये म्हणून मी दादांबरोबर गेले. नाशिकहून सकाळची एस.टी. मिळाली. मार्च 2023 पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे. कंडक्टरने दादांचे पूर्ण आणि माझे अर्धे तिकीट दिले. दादा हसून म्हणाले, "अजून अर्ध्याच तिकिटात हाये तू."

मी त्यांना खिडकी दिली. अपघातानंतर या रस्त्याने ते दिवसाउजेडी पहिल्यांदाच जात होते. ते खिडकीबाहेर कमी आणि पुढे ड्रायव्हरकडे जास्त पाहत होते. मुंढेगावच्या पुढे म्हणाले, "हात चांगला हाये त्याचा." इगतपुरीजवळ समृद्धी महामार्गाची पाटी दिसली. त्याचा इगतपुरीपासून आमण्यापर्यंतचा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाला, आणि त्यात जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे. मी त्यांना सांगितले की आता त्या रस्त्याने गेले की कसारा घाट लागतच नाही.

"घाटच नाही?"

"नाही. सगळा सरळ."

ते थोडा वेळ गप्प राहिले. "घाटात झोप येत नाही गं," ते म्हणाले. "घाटात भ्या असतं. झोप येती ती सरळ रस्त्याला."

घाट सुरू झाला तेव्हा माझे त्यांच्या पायाकडे लक्ष गेले. प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय, तोच आखूड झालेला, समोरच्या बाकाखाली दाबला जात होता. त्यांना ते कळतही नसावे. लतीफवाडीजवळ त्यांनी नाक वर करून वास घेतला. "लायनर," ते म्हणाले. मलाही तो वास आला होता. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

घाट संपला. कसारा गेले, खर्डी गेले. मी ठरवले होते की आटगावपर्यंत विचारायचे. आटगाव आले, तेव्हा शेजारची बाई तिच्या लेकराला संत्रे सोलून देत होती आणि दादा त्या लेकराशी बोलत होते. मग ठरवले, शहापूर. शहापूरला बस थांबली, काही माणसे उतरली, काही चढली. बस निघाली. मी मनात वाक्य जुळवले, "दादा, मला तुम्ही..." आणि वळले.

दादा झोपले होते. खिडकीच्या दांडीला कपाळ टेकवून, तोंड किंचित उघडे ठेवून, लहान मुलासारखे. माझ्या आठवणीत त्या रस्त्यावर धावत्या गाडीत झोपलेले दादा मी प्रथमच पाहत होते. ऊन त्यांच्या तोंडावर येत होते. मी हात लांब करून पडदा ओढला.

पडघा आले. डावीकडे तो चहाचा ढाबा दिसला. त्याला आता नवा रंग दिला आहे. त्याच्या पुढे कुठेतरी ती जागा होती. मला ती ठाऊक नाही, दादांना असणार. एक क्षण वाटले, उठवावे. मग मी बाहेरच्या पाट्या वाचत बसले, मनातल्या मनात, ओठ न हलवता.

ठाणे दिसू लागल्यावर मी त्यांच्या खांद्याला हात लावला. ते दचकून उठले आणि त्यांचे दोन्ही हात आधी पुढे गेले. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिले.

"कुठं आलो?"

"ठाणं आलं दादा."

"पडघा गेलं?"

"कधीच गेलं."

"उठवलं नाही मला," ते म्हणाले, आणि खाली ठेवलेली पिशवी उचलायला वाकले.